जीमेलचे फिल्टर आणि लेबल : दिवाळीपासूनच्या वापरानंतर

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं कर-हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. क्लायंट बहुतेक मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला ३बी ही जीएसटीची विवरणं, आणि या तारखांच्या अलीकडे मेलचा नुसता पाऊस. नवं ॲप न घेता जीमेलमध्येच असलेल्या सोयी, म्हणजे लेबल (मेलवर लावायची नावाची चिठ्ठी) आणि फिल्टर (आलेल्या मेलचं काय करायचं ते आपोआप ठरवणारा नियम), दिवाळीपासून नीट लावून वापरतेय.

सगळ्यात मोठा फरक पडला तो लेबलवार नोटिफिकेशनमुळे. अँड्रॉइडवर प्रत्येक लेबलचं नोटिफिकेशन वेगळं चालू-बंद करता येतं. मी 'खातं' नावाचं लेबल केलं, फिल्टरमध्ये प्राप्तिकर आणि जीएसटीचे मेल ज्या पत्त्यांवरून येतात ते टाकले, आणि ते कधीही स्पॅममध्ये जाऊ नयेत अशी खूण केली. फोन आता फक्त याच लेबलसाठी वाजतो. रिटर्नमध्ये फेरफार सुचवणारी प्राप्तिकर खात्याची १४३(१)(ए) कलमाची सूचना आली की उत्तराला ३० दिवस मिळतात. ती जाहिरातींखाली दबून चालत नाही. बाकी मेल मी सकाळी साडेदहाला आणि दुपारी चारला बघते. मधल्या वेळात ताळेबंद हातात घेतला की तो पुरा होतो. हे सुख शब्दांत सांगणं कठीण आहे.

क्लायंटना सवय लागायला मात्र वेळ गेला. मेल टाकून पाच मिनिटांत फोन, "बेन, मेल जोयो?" (ताई, मेल बघितला का?) तातडीचं असेल तर मेल नको, थेट फोनच करा, असं प्रत्येकाला सांगितलं. आता तसंच होतं.

जाहिरातींचे मेल फिल्टरने इनबॉक्सबाहेरच ठेवलेत. दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ पासून एका क्लिकवर अनसबस्क्राइबची (मेल येणं बंद करण्याची) सोय सक्तीची केली, त्यामुळे नको ते बंद करणं सोपं झालंय. संशयास्पद मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नका, सरळ स्पॅम म्हणून कळवा.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. मोबाइल ॲपमध्ये फिल्टर करता येत नाही, कॉम्प्युटरच लागतो. क्लायंटचं बिल कधी कधी 'प्रमोशन्स' या जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन बसतं. म्हणून नवी फाइल उघडतानाच त्यांच्या पत्त्याला 'प्रायमरी'चा, म्हणजे मुख्य कप्प्याचा, फिल्टर लावते. १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंशी वाटून घ्यावी लागते आणि स्कॅन केलेली बिलं ती भराभर खातात. शोधाच्या पर्यायांत आकार १० एमबीहून मोठा असं टाकलं की जड मेल सापडतात. ते डाउनलोड करून काढून टाकते. स्नूझ मी सोडून दिलं, कारण पुढे ढकललेलं मेल नेमकं गर्दीच्या दिवशीच परत समोर येतं.

रात्री लिहिलेलं उत्तर मी 'शेड्यूल सेंड'वर सकाळी साडेनऊला लावते. तेव्हापासून क्लायंटचे रात्री अकराचे मेल बरेच कमी झालेत.