पॅरॅलिसिसच्या हातासाठी मिळणारं व्यायामाचं किट: आरसा घ्या, बाकीचं तपासून घ्या

पॅरॅलिसिसच्या झटक्यानंतर हात घरी सुधारावा म्हणून सर्जिकलच्या दुकानात आणि ऑनलाइन जे 'हँड एक्सरसाइज किट' मिळतं, त्यात थोड्याफार फरकाने त्याच वस्तू असतात. स्पंजचा बॉल, स्प्रिंगचा ग्रिपर, पुट्टी (दाबायचा मऊ, चिकट गोळा), खुंट्यांची पाटी, दाराला अडकवायची कप्पी, घडीचा आरसा, आणि महागड्या किटात हवेच्या पंपावर चालणारा हातमोजा. खोक्यावरचं नाव बदलतं, आतला माल फारसा बदलत नाही. म्हणून इथे कंपनी न बघता एकेक वस्तू बघितली आहे. कसोटी एकच: हात पुन्हा वापरायला शिकताना मेंदूला जे लागतं, ते ही वस्तू देते का?

काय लागतं ते कळायला पाण्याने भरलेलं फुलपात्र उचलणारा धडधाकट हात जवळून बघा. हात फुलपात्रापाशी पोचायच्या आधीच, वाटेतच, बोटं उघडू लागतात आणि अंगठा तर्जनीपासून लांब जातो. पंजा भांड्याच्या रुंदीपेक्षा जरा जास्तच उघडतो आणि मग मिटत भांड्यावर बसतो. मनगट किंचित मागे झुकलेलं असतं, नाहीतर पकडीत जोर येत नाही. पाणी पिऊन झाल्यावर फुलपात्र टेबलावर टेकतं आणि बोटं सुटतात. झटक्यानंतर बहुतेकांचं अडतं ते दोन जागी, सुरुवातीला पंजा उघडताना आणि शेवटी वस्तू सोडताना. मूठ वळणं बहुधा आधी परत येतं.

आता किटातला बॉल घ्या. पुस्तिका सांगते, 'बॉल दाबा, सोडा'. म्हणजे जे आधीच जमतंय त्याचाच सराव. बॉल दाबून हात आणखी कडक होतो अशी भीती बऱ्याच घरांत असते, पण ताकदीच्या व्यायामाने कडकपणा वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. खरी अडचण वेगळी आहे. दिवसातली वीस मिनिटं बॉल दाबण्यात गेली की पंजा उघडायच्या सरावाला वेळच उरत नाही. शिवाय जोर लावताना खांदा कानाकडे चढतो, कोपर वाकतं, श्वास रोखला जातो, आणि हे सगळं एकत्रच शिकलं जातं. तोच बॉल दुसऱ्या तऱ्हेने वापरला तर मात्र कामाचा आहे. टेबलावरून उचलायचा, एक वीत लांब ठेवलेल्या पातेल्यावर न्यायचा आणि आत टाकायचा. टाकणं हाच व्यायाम. पातेलं रोज थोडं सरकवायचं, कधी डावीकडे, कधी उंच डब्यावर. यासाठी बॉल मऊ आणि साधारण लिंबापेक्षा मोठा हवा. किटातले काही बॉल इतके गुळगुळीत असतात की अशक्त बोटांतून निसटतात, त्यांच्यापेक्षा खडबडीत स्पंजचा चांगला.

स्प्रिंगचा ग्रिपर बाजूला ठेवा. हाताला तो आपणहून धरता येत नसेल तर घरातलं कोणीतरी बोटं उघडून त्यात अडकवतं, आणि ज्याला आपणहून धरता येतो त्याला यापेक्षा उपयोगाची कामं पुष्कळ आहेत.

किटाची किंमत ज्याने वसूल होते ती वस्तू म्हणजे आरसा. त्यात चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी दिसतं आणि दुबळा हातच हलतोय असं डोळ्यांना वाटतं. कापून टाकलेल्या हातापायाच्या जागी जाणवणाऱ्या भासमान वेदनांवर मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात आरशाचा प्रयोग केला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पॅरॅलिसिसच्या ९ रुग्णांवरचा छोटा अभ्यास आला. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) ६२ अभ्यास आणि १९८२ रुग्ण होते, आणि नेहमीच्या उपचारांना आरशाची जोड दिल्यावर हालचाल आणि रोजची कामं सुधारतात असा निष्कर्ष निघाला. जोड हा शब्द महत्त्वाचा. आरसा फिजिओथेरपीच्या जागी येत नाही.

किटातला घडीचा आरसा घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, लांबी. लहान आरशात पंजा दिसतो पण मनगट आणि हाताचा पुढचा भाग कापला जातो, मग दिसणारा हात आपला वाटत नाही. निदान ४५ सेंमी लांब आणि ३५ सेंमी उंच हवा. दुसरी, सपाटी. पातळ अॅक्रिलिकचा आरसा उन्हाळ्यात किंवा नुसत्या धरण्याने वाकतो आणि बोटं पाण्यात बघितल्यासारखी वेडीवाकडी दिसतात. सरळ पट्टी समोर धरा. पट्टी वाकडी दिसली तर परत करा. तिसरी, मागची जागा. आरशामागच्या पेटीत सुजलेला, वळलेला हात कोपरापर्यंत आरामात जायला हवा. यातलं काही बसत नसेल तर काचवाल्याकडून १८ बाय १४ इंचांचा आरसा कापून घ्यावा, कडा घासून घ्याव्यात, मागे प्लाय लावून दोन बाजूंना आधार ठोकावा. किटातल्या बहुतेक आरशांपेक्षा तो बरा पडतो.

मांडणी अशी: पाठीला आधार असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीचं. आरसा छातीच्या मधोमध, त्याची कड छातीकडे आणि चकाकती बाजू चांगल्या हाताकडे. दुबळा हात आरशामागे घडी घातलेल्या टॉवेलवर. मूठ घट्ट असेल तर आधी दोन-तीन मिनिटं मनगट आत वाकवून, मग अंगठा आणि बोटं हळूहळू उघडून पंजा पसरवावा, खेचू नये. चांगल्या हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटावरचा लाल दोरासुद्धा काढायचा. आरशात जो हात दिसतो तो दुबळा हात आहे असं डोळ्यांना वाटायला हवं, आणि दुबळ्या हातात नसलेली एक बांगडी तो भास मोडायला पुरते.

पहिले दोन-तीन दिवस सुरुवातीची तीन मिनिटं नुसतं बघायचं. मग तळवा पालथा-उताणा करणं, मनगट वर-खाली, मूठ उघडणं-मिटणं, बोटं फाकवणं, अंगठा एकेका बोटाला टेकवणं. प्रत्येक हालचाल १५ ते २० वेळा, उघडायला दोन सेकंद, मिटायला दोन. मागचा हात हलो न हलो, तेच करायचा प्रयत्न मनापासून चालू ठेवायचा. दिवसाला १५ ते ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, निदान ४ आठवडे. लवकर थकणाऱ्यांनी दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका कराव्यात. दुसऱ्या आठवड्यापासून चांगल्या हातात स्पंज, झाकण, फुलपात्र घ्यावं. आणि आरसा बाजूला केल्यावर लगेच दहा मिनिटं दुबळ्या हाताला खरं काम द्यावं: टॉवेल टेबलावर पुढे सरकवणं, रिकामं फुलपात्र ढकलणं, जमत असेल तर उचलणं. किटांच्या पुस्तिका नेमकी हीच पायरी गाळतात.

बिघडतं कुठे? टीव्ही चालू असतो. नजर आरशावरून घसरून थेट चांगल्या हातावर जाते. चांगल्या हाताच्या आणि डोळ्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा छोटा आडोसा धरला की हे थांबतं. हालचाल घाईत होते आणि मागच्या हाताला सोबत यायला सवड मिळत नाही. काहींना गरगरतं, मळमळतं, घाम फुटतो, एखाद्याला एकदम रडू येतं. तेव्हा आरसा झाकायचा आणि त्या दिवशी थांबायचं. ज्यांचं एका बाजूला लक्षच जात नाही, ताटातलं एकाच बाजूचं जेवण संपतं, त्यांनी पहिली काही सत्रं फिजिओसमोरच करावीत.

हवेच्या पंपाचा मोजा दिसायला भारी, किंमतही तशीच. तो बोटं उघडतो आणि मिटतो, पण काम मोजा करतो. रुग्ण मोबाइल बघत बसला तरी बोटं हलतच राहतात. सांधे सैल ठेवायला याचा उपयोग आहे. हालचाल शिकायला, आहे तसा वापरला तर, फारसा नाही. ज्या मॉडेलमध्ये चांगल्या हातातल्या मोज्याने दुबळ्या हाताचा मोजा चालतो ते थोडं बरं. साधा मोजा असेल तर बोटं उघडायच्या वेळी दोन सेकंद आधी स्वतः उघडायला सुरुवात करावी आणि मग मोज्याची मदत येऊ द्यावी. घेण्याआधी माप बघा. मोठ्या मापात बोट आत सरकतं आणि वाकण्याची जागा भलत्याच सांध्यावर येते; सुजलेल्या हाताला लहान माप करकचतं. दर वेळी काढल्यावर बोटांच्या पेरांवरची कातडी पाहायची, कारण संवेदना कमी असेल तर टोचलेलं कळत नाही. बोटं आधीच आखडून गेली असतील तर फिजिओला विचारल्याशिवाय मोजा घालूच नये.

खुंट्यांची पाटी ठीक. खुंट्या जाड, निदान अंगठ्याएवढ्या असाव्यात. काडीसारख्या बारीक खुंट्यांनी सुरुवात केली की रुग्ण दोन दिवसांत पाटी सोडतो. आधी एकाच ओळीत भरायच्या. जमू लागलं की क्रम मोडायचा, पाटी सरकवायची, मध्येच फुलपात्र उचलायचं, पुन्हा खुंटी. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये निरोगी तरुणांवर दाखवलं होतं की मिसळून केलेल्या सरावात त्या वेळी कामगिरी खालावलेली दिसते, पण शिकलेलं जास्त टिकतं. त्यामुळे अशा दिवशी आकडा घसरला तर घाबरायचं कारण नाही. पुट्टीपेक्षा कणकेचा गोळा सरस. पुट्टीला केस आणि धूळ चिकटते, उन्हाळ्यात ती पातळ होते. कणीक मळणं, लिंबाएवढे गोळे करणं, मटार सोलणं, यांत दोन्ही हात लागतात आणि शेवटी काहीतरी तयार होतं.

कप्पी वापरू नका. चांगल्या हाताने दोर ओढून दुबळा हात डोक्यावर नेताना खांद्याचं फऱ्याचं हाड सोबत फिरत नाही, सांध्यातले स्नायू चिमटतात आणि खांदा दुखायला लागतो. दुखऱ्या खांद्यामुळे पुढचे कित्येक आठवडे हाताचा सरावच बंद पडतो. काही किटात चांगल्या हातावर घालायचा जाड मिटही (बोटं वेगळी नसलेला हातमोजा) असतो, म्हणजे दुबळाच हात वापरावा लागेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या कामातून आलेली ही पद्धत भक्कम आहे. तिच्यावरच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्साइट चाचणीत २२२ रुग्ण होते. पण त्यात दुबळ्या हाताचं मनगट आणि काही बोटं निदान १० अंश तरी आपणहून उचलता येणाऱ्यांनाच घेतलं होतं, आणि मिटसोबत २ आठवडे रोज देखरेखीखाली कित्येक तास सराव होता. पंजा मुळीच उघडत नसताना नुसता मिट चढवला तर हाती निराशाच येते. जिन्यावर, बाथरूममध्ये आणि गॅसजवळ तो काढायचाच.

पुस्तिकांबद्दल तक्रार आहे. 'दहा वेळा, दिवसातून दोनदा' हे प्रमाण फार तोकडं आहे. २००९ च्या, अमेरिका आणि कॅनडातल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या, आणि संशोधकांना तेवढ्याही कमीच वाटल्या. घरी दिवसाला एकाच कामाच्या १०० हालचालींपर्यंत जायचं ध्येय ठेवावं, वीस-वीसच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विसावा. पुस्तिका 'मनगट उचला, बोटं सरळ करा' असं सांगते. त्याऐवजी 'फुलपात्र त्या रेघेच्या पलीकडे ठेवा' म्हटलं की हालचाल बहुधा जास्त सहज येते. घरच्यांनी प्रत्येक वेळी 'अजून वर, अजून वर' म्हणणं थांबवावं. रुग्णाला आधी विचारा, 'आत्ताचं कसं झालं?', आणि पाच प्रयत्नांनंतर एकच गोष्ट सांगा.

प्रगती मोजायला किटात काही नसतं. सुताराकडून २.५ सेंमीचे लाकडी ठोकळे करून घ्या, खोक्यात मधोमध १५ सेंमीचा पडदा उभा करा, आणि ६० सेकंदांत दुबळ्या हाताने एकेक करून किती ठोकळे पलीकडे जातात ते दर रविवारी सकाळी त्याच खुर्चीत बसून लिहून ठेवा. सराव याच ठोकळ्यांवर करू नका, नाहीतर फक्त ठोकळ्यांचा आकडा वाढेल.

थोडक्यात खरेदीचं म्हणाल तर पूर्ण किट घेण्याची गरज नाही. सपाट मोठा आरसा, जाड खुंट्यांची पाटी आणि खडबडीत स्पंजचा बॉल सुटे घ्यावेत, बाकी सामान स्वयंपाकघरात असतं. मोजा फिजिओने सांगितला तरच, आणि तोही आधी महिनाभर भाड्याने मिळतो का ते विचारावं. व्यायामानंतर खांद्याचं दुखणं तासाभरात कमी झालं नाही, पंजा सुजून चकचकीत दिसू लागला किंवा गरम लागला, तर त्या दिवसाची फेरी रद्द करून फिजिओला फोन करावा.