जुन्या शिक्क्यांचा ठसेसंच: लेकरांसाठी घ्यावा का?

रोलर, शाई, फोम, थोडी माती आणि पुस्तिका असा हा ठसे उमटवायचा संच आहे. रोलर आणि शाईसाठी तो जरूर घ्यावा. त्यातल्या पुस्तिकेवर मात्र विसंबू नये. 6 ते 9 वर्षांच्या चार-पाच मुलांना तो पुरतो.

रबरी रोलर खरंच चांगला आहे, शाई एकसारखी लागते. फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढीच शाई घ्या आणि चरचर आवाज येईपर्यंत फिरवा. शाई जास्त झाली की फोमवर कोरलेल्या रेघा बुजतात आणि ठशाच्या जागी नुसता डाग उमटतो. रेघा बोथट पेन्सिलीने दाबायच्या. टोकदार पेन्सिलीने फोम फाटतो.

पुस्तिका आपल्या उन्हाळ्यात निरुपयोगी ठरते. एप्रिलच्या तापात शाई फोमवरच सुकते, कागद चिकटतो, उचलताना फाटतो. सकाळच्या शाळेतच हे काम घ्या, पंखा बंद ठेवा, शाईत ग्लिसरीनचे 2-3 थेंब टाका आणि कागदावरून ओलं फडकं हलकेच फिरवा.

पुस्तिका फोमपासून सुरुवात करते. सुरुवात मातीपासून हवी. शिक्का मातीत दाबला की डावं-उजवं उलटतं हे लेकरांना न सांगता कळतं. सिंधू संस्कृतीचे शिक्के बहुतेक शंखजिऱ्याच्या मऊ दगडाचे, साधारण 2.5 सेंमी चौरस. मूळ शिक्क्यावर डावीकडे पाहणारा एकशिंगी प्राणी ठशात उजवीकडे पाहतो. संचातली माती थोडीच आहे. तिच्या जोडीला शेतातली काळी माती घेऊ नका. ती वाळताना आकसते, चकतीला भेगा पडतात. कुंभाराकडची मळलेली माती आणा, 1 सेंमी जाड चकती थापा, वर चाळलेली राख भुरभुरा, म्हणजे शिक्का चिकटणार नाही.

एक उणीव फार खटकते: सातवाहन नाण्याचा ठसा यात नाही. 1939 मध्ये तऱ्हाळ्याला, आजच्या वाशिम जिल्ह्यात, सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यांवर एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह: अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. पेनाचं टोपण आणि पट्टीची कड एवढ्यावर सहा वर्षांचं मूल ते उमटवू शकतं. एकशिंगी प्राणी त्या वयाला जड जातो. विदर्भातल्या मुलांसाठी पहिला ठसा हाच असायला हवा.

फोम संपल्यावर नवा मागवायची गरज नाही. तुटक्या स्लिपरचा तळ धुऊन, मोठ्यांनी ब्लेडने कापून लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवला की काम भागतं.