बिलावरचे ५०५ आणि गाळलेले ०१

माझी स्कोडा लॉरा २००८ सालची, १.९ लिटर डिझेल इंजिनाची. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचे औरंगाबाद) शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली ही गाडी मी २०१४ मध्ये याच शहरात दुसऱ्या हाताने घेतली. त्यानंतर तिला एका खाजगी गॅरेजमध्ये तीन वर्षे चुकीचे इंजिन ऑइल घातले जात होते आणि पैसे मात्र योग्य ऑइलचे, किंबहुना त्याहून अधिक, घेतले जात होते. जुन्या डिझेल लॉरा अजूनही पुष्कळ लोक वापरतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी कंपनीची सर्व्हिस सोडून खाजगी गॅरेज धरलेले असते, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ऑइलविषयी फोक्सवॅगनचा (व्हीडब्ल्यू, स्कोडाची मूळ कंपनी) एक मानक क्रमांक दिलेला आहे : ५०५ ०१. पहिल्या सर्व्हिसच्या वेळी, २०१५ मध्ये, मी ते पान गॅरेजच्या मालकाला दाखवले आणि जॉब कार्डावर तो क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला. मालक म्हणाले, "सर, काळजीच करू नका, आपल्याकडे स्कोडाच जास्त येतात." बिलावर आले : 'फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०५, ५ लिटर, दर ८५० रुपये'. शेवटचे दोन आकडे गळले आहेत हे मी पाहिले होते, पण लिहिताना कंटाळा केला असेल असे समजून सोडून दिले. २०१६ आणि २०१७ च्या बिलांवरही तेच होते.

त्या दोन आकड्यांत काय आहे ते सांगणे आवश्यक आहे, कारण सारी फसवणूक त्यांच्या आडच लपली होती. ५डब्ल्यू-४० ही फक्त ऑइलच्या दाटपणाची प्रतवारी आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते दाखवतो आणि ४० चा अर्थ १०० अंश सेल्सिअस तापमानाला त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचे एकक) दरम्यान असते एवढाच. ते ऑइल झीज किती रोखते, त्यात कोणती रसायने किती प्रमाणात आहेत, यातले काहीही त्या आकड्यांवरून कळत नाही. डब्यावर ठळक छापलेली एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) अक्षरेही इथे पुरेशी नसतात. माझ्या डब्यावर अभिमानाने छापलेले 'सीएफ' ही १९९४ सालची अमेरिकन श्रेणी होती आणि तीही प्रामुख्याने जुन्या, अप्रत्यक्ष इंधन फवारणीच्या डिझेल इंजिनांसाठी होती.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा मानक त्यापुढे जातो, कारण तो विशिष्ट इंजिन डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला असतो. लॉराचे १.९ इंजिन 'पीडी' पद्धतीचे आहे. त्यात सर्व सिलिंडरांना डिझेल पुरवणारा एक सामाईक उच्चदाब पंप नसतो, तर प्रत्येक सिलिंडरवर पंप आणि इंजेक्टर यांचा एकच जोड बसवलेला असतो आणि तो दाबण्याचे काम कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, करतो. फवारणीचा दाब २००० बारच्या आसपास जातो. म्हणजे ज्या कॅमशाफ्टला एरवी केवळ व्हॉल्व्ह उघडायचे असतात, त्यालाच इथे हा प्रचंड दाबही निर्माण करावा लागतो. शिवाय इंजेक्टरच्या उंचवट्यांनी बरीच जागा घेतल्यामुळे व्हॉल्व्हचे उंचवटे अरुंद करावे लागले आहेत, आणि टॅपेटच्या (उंचवटा आणि व्हॉल्व्ह यांच्या मधला भाग) डोक्यावर त्या अरुंद पट्टीचा भार पडतो. तिथे ऑइलचा थर टिकला नाही की धातूवर धातू घासतो. ५०५ ०१ हा मानक पीडी इंजिनांसाठीच काढलेला आहे आणि त्याच्या मान्यतेसाठी पीडी इंजिनावरची झिजेची चाचणी पार करावी लागते. ५०५ ०० हा त्याआधीच्या डिझेल इंजिनांचा मानक आहे आणि त्यात ही चाचणी नाही.

बिलावर नुसते '५०५' लिहिले की ते दोन्हींना लागू पडते. ग्राहक ०१ समजून पैसे देतो आणि इंजिनात ०० जाते.

२०१८ च्या उन्हाळ्यात पुण्याहून परतताना नगरच्या पुढे इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. इंजिन गरम झाल्यावरही आवाज जाईना, चढावर गाडी दम टाकू लागली आणि धूर वाढला. नेहमीच्या गॅरेजमध्ये "टॅपेट वाजतात, जुन्या गाडीला एवढं चालायचंच," असे सांगून दोनदा परत पाठवले. शेवटी ओळखीतून एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वरचे कव्हर उघडले आणि मला जवळ बोलावले. दोन व्हॉल्व्हच्या उंचवट्यांच्या कडा चक्क उतरल्या होत्या आणि एका टॅपेटच्या डोक्याला भोक पडले होते. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "ऑइल कोणतं घालता?"

मी बिले दाखवली. बिलावर त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांनी डबा मागितला. या इंजिनात पाच लिटरपेक्षा कमी ऑइल बसते, त्यामुळे एकेक लिटरच्या पाच डब्यांपैकी शेवटच्या डब्यात उरलेले ऑइल गॅरेजवाले दर वेळी माझ्या डिकीत ठेवत असत. मी तो डबा बाहेर काढला. पुढच्या बाजूला ५डब्ल्यू-४० आणि फुल सिंथेटिक होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले होते की हे ऑइल फोक्सवॅगन ५०२ ०० आणि ५०५ ०० यांच्या गरजा पूर्ण करते. ०१ कुठेही नव्हते. त्याच्या खालीच कमाल किरकोळ किंमत होती : ४६५ रुपये. एक वर्षभर हा पुरावा मी स्वतःच्या गाडीतून फिरवत होतो.

'गरजा पूर्ण करते' या शब्दांकडेही त्या मिस्त्रींनीच लक्ष वेधले. एखाद्या ऑइलला गाडीच्या कंपनीची मान्यता असणे म्हणजे ऑइलच्या उत्पादकाने ठरलेल्या चाचण्यांचे निकाल कंपनीपुढे ठेवून तिची संमती मिळवलेली असणे. 'गरजा पूर्ण करते' किंवा 'यासाठी योग्य' हे उत्पादकाचे स्वतःचे म्हणणे असते. ते खरेही असू शकते, पण गाडीच्या कंपनीने ते तपासलेले नसते.

कॅमशाफ्ट, आठही टॅपेट, बेअरिंग, टायमिंग बेल्टचा संच आणि मजुरी मिळून ५८,००० रुपये खर्च आला. बिले आणि डबा घेऊन मी जुन्या गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा मालकांनी मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही : "सर, ५०५ म्हणजे ५०५च. पुढचे आकडे पॅकिंगचे असतात." मी मॅन्युअल उघडल्यावर म्हणाले की ऑक्टाव्हियाला ते वर्षानुवर्षे हेच ऑइल घालतात. हे खरेही असेल, कारण आपल्याकडच्या पहिल्या १.९ डिझेल ऑक्टाव्हियाला साधा फिरता पंप होता आणि तिला ५०५ ०० चालत असे. पण माझ्या जॉब कार्डावर माझ्याच अक्षरात ०१ होते, आणि ते वाचूनच बिलात ०१ गाळले गेले होते. याला मी चूक म्हणायला तयार नाही.

इंजिनाचा खर्च मला मिळाला नाही. पीडी इंजिनाचा कॅमशाफ्ट योग्य ऑइल असूनही झिजू शकतो, आधीच्या मालकाने काय घातले होते ते मी सिद्ध करू शकत नव्हतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे काढलेल्या जुन्या ऑइलचा नमुना मी ठेवला नव्हता. मात्र छापील किमतीपेक्षा जास्त दर लावल्याची तक्रार वैधमापन (वजन-मापे आणि छापील किमती तपासणाऱ्या) विभागाकडे करतो असे म्हटल्यावर तिन्ही सर्व्हिसमध्ये जादा घेतलेली रक्कम त्यांनी रोख परत केली. तेव्हा मी ग्राहक मंचात गेलो नाही, याची आज खंत आहे. आता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करूनही सुरुवात करता येते.

हल्ली ऑइल मी स्वतः विकत नेतो. बहुतेक चार सिलिंडरी पीडी इंजिनांना नंतरचे ५०७ ०० मानकाचे ऑइलही चालते, म्हणून या दोहोंपैकी एक क्रमांक 'मान्यताप्राप्त' या शब्दासह डब्यावर असेल तरच घेतो. सील माझ्यासमोर फुटते, डब्याच्या मागच्या बाजूचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढतो आणि बिलावर पाचही आकडे लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

तो अर्धवट भरलेला डबा अजून माझ्याकडे आहे. त्या गॅरेजमध्ये जाणाऱ्या आणखी दोन लॉरा-मालकांना मी तो दाखवला आणि त्यांची बिले पाहायला मागितली. दोघांच्याही बिलांवर '५०५' एवढेच आहे, आणि त्यांतल्या एकाचे इंजिन गेल्या महिन्यापासून टकटक करू लागले आहे.