ड्रीमकास्टच्या डब्यात वॉशर

अमळनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. बोअरची मोटार जळाली की कुणीतरी सांगतं, अमक्याकडे निम्म्या पैशात भरून मिळते, आणि दोन-चार महिन्यांत तीच मोटार माझ्या टेबलावर येऊन पडते. मी ब्लेडनं तारेवरचं इनॅमल खरवडून दाखवतो. आत तांब्याऐवजी पांढरं ॲल्युमिनियम. "दादा, पैसे देण्याआधी उघडून पाहिलं नाही का?" हे वाक्य मी अठरा वर्षं लोकांना ऐकवत आलोय. आता माझी पाळी.

आमच्या लहानपणी बसस्टँडकडे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. रुपयाला एक कॉइन. 'मुस्तफा'साठी रांग लागायची. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण ते नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आमच्यासाठी तो टोपीवाला मुस्तफाच. नंतर मेटल स्लग आला आणि मी घरून दुधाचे पैसे उचलायला शिकलो. ते सगळे गेम आज मोबाईलवरही चालतात, फुकट चालतात. पण काचेवर अंगठे घासून खेळणं म्हणजे भरीत मिक्सरमधून काढून खाण्यासारखं आहे. मला खरं यंत्र हवं होतं, म्हणजे ड्रीमकास्ट.

ड्रीमकास्टच का, तेही सांगतो, कारण मी फसलो तो याच हौसेपायी. सेगा कंपनीनं हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, १९९८ च्या नोव्हेंबरात जपानात काढला आणि २००१ मध्ये बंदही केला. त्याच्या आतला एसएच-४ प्रोसेसर सेगाच्या नाओमी या आर्केड बोर्डातही, म्हणजे पार्लरमधल्या मशीनच्या आतल्या बोर्डातही होता. पुढे २००३ मध्ये सॅमी कंपनीनं ॲटॉमिसवेव्ह नावाचा आर्केड बोर्ड आणला, तोही त्याच घराण्यातला. म्हणजे पार्लरमधलं मशीन आणि घरातला डबा सख्खे चुलतभाऊ. २०२० मध्ये काही हौशी प्रोग्रॅमरांनी ॲटॉमिसवेव्हचे गेम ड्रीमकास्टवर चालतील असे बदलून दिले: मेटल स्लग ६, किंग ऑफ फायटर्स ११, डॉल्फिन ब्लू. यात नक्कल करणारं सॉफ्टवेअर मध्ये नसतं, गेम थेट त्या चिपवर पळतो. आणि हे काम त्यांनी फुकट वाटलं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण मला विकणाऱ्यानं 'कन्व्हर्टेड आर्केड पॅक'चे वेगळे अडीच हजार लावले होते.

जाहिरात जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर दिसली. ड्रीमकास्ट, डिस्क ड्राइव्ह काढून एसडी कार्ड बसवलेलं, एचडीएमआय केलेलं, सगळे आर्केड गेम भरलेले, 'मुस्तफा ओरिजिनलसकट'. इथंच मी थांबायला हवं होतं. मुस्तफा कुठल्याही घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. सेगाच्याच सेगा सीडी या यंत्रावर १९९४ मध्ये त्याच कॅडिलॅक्सच्या नावाचा एक गेम आला होता, पण तो गाडी चालवत गोळ्या झाडायचा, साफ वेगळा. हे मला माहीत होतं! तरी मी मनातल्या मनात त्या माणसाचीच बाजू घेतली, की असेल बिचाऱ्यानं हौसेनं टाकलेला. माणसाला फसायचं असलं की तो समोरच्याचा वकील होतो.

सौदा चौदा हजारांत ठरला, पॅक धरून. तीन हजार आधी यूपीआयनं, 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' म्हणून. बाकीचे हातात वस्तू आल्यावर. मला वाटलं, वस्तू बघूनच पैसे देतोय, तर फसणार कसा?

रविवारी सकाळच्या गाडीनं जळगावला गेलो. त्यानं एका खोलीवर बोलावलं. पोरगा पंचविशीचा, गोड बोलणारा, 'काका काका' करत चहा दिला. टीव्हीला वस्तू आधीच जोडून ठेवलेली, चालू. पांढरा डबा, झाकणावर सेगाची नारिंगी भोवऱ्याची खूण. त्यानं बंद करून चालू करून दाखवलं, तोच भोवरा, तीच सुरुवातीची धून. मग मेटल स्लग ६. मी दहा मिनिटं खेळलो आणि माझे डोळे, खोटं कशाला बोलू, थोडे भरून आले. कंट्रोलर साधा बिनवायरचा होता. ओरिजिनल कंट्रोलर मुंबईच्या मित्राकडे आहे, कुरिअरनं पाठवतो, म्हणाला.

डबा उलटा करून पाहिला. खाली जपानी लेबल, एचकेटी-३०००, एसी १०० व्होल्ट. मी विचारलं, "हा तर शंभर व्होल्टचा, तू सरळ भिंतीवरच्या बोर्डात लावलाय?" तो म्हणाला, "काका, सप्लाय बदललाय." स्क्रूवर कागदी स्टिकर होतं. ते फाटलं तर सहा महिन्यांची गॅरंटी गेली, असं त्यानं हसत सांगितलं. उचलून पाहिला, वजन भरपूर. माझ्या धंद्यात वजन म्हणजे तांबं. मी पाच हजार यूपीआयनं आणि सहा हजार रोख मोजले.

घरी आईनं विचारलं, "हाई काय शे रे भो?" मी म्हटलं, कन्सोल. "इतला पैसा कसाले घालात?" उत्तर दिलं नाही.

तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी रात्री मुलगा खेळत होता. ऐन लढाईत पडदा काळा झाला आणि मधोमध एक चौकट आली: सिस्टिम अपडेट उपलब्ध आहे, वाय-फायला जोडा. मुलगा म्हणाला, "पप्पा, हा तर आपल्या टीव्ही बॉक्ससारखाच मेसेज आहे." १९९८ च्या यंत्राला वाय-फाय कुठून आलं?

झोप लागली नाही. साडेअकराला दुकान उघडलं आणि स्टिकर फाडलं. ड्रीमकास्ट उघडायला बाजूचा मोडेम ओढून काढायचा आणि खालचे चार स्क्रू सोडायचे, एवढंच काम. मोडेमच्या जागी नुसता रिकामा खोका. वरचं कवच उचललं, तर आत काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक अँड्रॉइड टीव्ही स्टिकचा बोर्ड ग्लू गननं चिकटवलेला. मागच्या मूळ प्लगच्या मागे मोबाईलचा चार्जर फोडून सोल्डर केलेला, म्हणून २३० व्होल्टवर जळालं नाही! समोरचे चार कंट्रोलर पोर्ट नुसते प्लास्टिक, एकाच्याही मागे वायर नाही. भोवऱ्याची ती सुरुवात म्हणजे एक व्हिडिओ. आणि वजन? लोखंडी वॉशर, दोऱ्यात ओवून, स्पंजमध्ये गुंडाळून, खडखड होऊ नये म्हणून वर चिकटपट्टी. मी मोजले. सतरा.

पोराची मेहनत मान्य करावी लागेल. सोल्डरिंग माझ्या कारागिरापेक्षा साफ होतं.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. एवढ्या जुन्या ड्रीमकास्टची आतली घड्याळाची बॅटरी बहुधा मेलेली असते, त्यामुळे चालू केलं की तो दर वेळी तारीख-वेळ विचारतो. माझ्या डब्यानं एकदाही विचारली नाही.  कंट्रोलरमध्ये छोट्या स्क्रीनचं मेमरी कार्ड बसतं, ते मी मागितलंच नाही. यातली कुठलीही एक गोष्ट त्या खोलीत पाच मिनिटांत कळली असती. आणि विकणारा उघडून दाखवायला तयार नसेल, तर स्टिकर पाहून उठायचं, चहा अर्धा टाकून.

नंबर दुसऱ्या दिवशीच बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला मी नऊ दिवस लावले, कारण चाळिशी उलटलेल्या माणसानं व्हिडिओ गेमपायी पैसे घालवले हे सांगायची लाज. तिथं पहिला प्रश्नच तो आला: पैसे कधी गेले? लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम रोखता येते, नऊ दिवसांनी त्या खात्यात काही उरलं नव्हतं. रोखीच्या सहा हजारांचा तर पुरावाच नाही. तक्रार मात्र केली. ज्याला आपण चारसोबीस म्हणतो ते २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, हे तेव्हा कळलं. तोंडात अजून बसत नाही.

स्टिकचा बोर्ड मुलानं काढून टीव्हीला लावला, तो चालतो. रिकामं कवच दुकानात फळीवर आहे. वॉशर चांगले जाड निघाले, त्यातले चार परवा पिंप्रीच्या एका शेतकऱ्याच्या पंपाच्या बेसला लावून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.