शॉकअपवाली घ्यावी की साधी? दहा-पंधरा हजाराच्या सायकलीचा हिशोब

दोन्ही चालवून झाल्यात म्हणून लिहितो. आधी समोर शॉकअप (धक्के झेलणारी स्प्रिंग) असलेली एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल, घेतली होती, आता दोन वर्षांपासून साध्या लोखंडी फोर्कची (फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा) आहे. मागेपण शॉकअप असलेली मित्राकडं आहे, पण तिला नेहमीचं कॅरियर बसत नाही आणि वावरात जाणाऱ्याला कॅरियर नसलेली सायकल म्हणजे नुसतं मिरवणं, त्यामुळं तिचा विषय सोडून देऊ.

शॉकअपवालीचं चांगलं आधी सांगतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं दगडगोट्याच्या वाटेनं उतरताना फरक नक्की पडतो, मनगटं कमी दुखतात. पण या बजेटमधल्या फोर्कमध्ये बहुतेक नुसती स्प्रिंग असते, दाब आवरायला तेल वगैरे काही नसतं, म्हणून ती दबते तशीच उसळते. चढावर उभं राहून पायडल मारलं की अर्धी ताकद समोरच्या झुल्यातच जाते, वरून वजन जास्त. वरची नॉब फिरवून फार काही होत नाही, स्प्रिंग आधीच थोडी दबते एवढंच. एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) भारी असतो, पण त्याच्या किमतीत आपली आख्खी सायकल येते.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं डोकं फिरवलं ते काळ्या मातीनं. आमचं दर्यापूरकडं, खारपाणपट्टा, वावरात गोटा शोधून सापडत नाही, मग शॉकअप दबणार कशावर? आणि पावसाळ्यात पांदण म्हणजे नुसता चिकट गारा. शॉकअपच्या दोन नळ्या जोडणारी कमान टायरच्या अगदी वरच असते ना, तिथं माती अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही. पोळ्याच्या आधी एकदा अर्धी पांदण सायकल खांद्यावर घेऊन आलो, दर पन्नास पावलांवर तुऱ्हाटीच्या काडीनं माती उकरत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नळ्यांना गंज चढला, फोर्क अर्धवट जाम आणि वर खडखड. मेकॅनिक म्हणे, "भाऊ, हे खुलत नाई, पुराच बदला लागते."

साध्या फोर्कमध्ये टायरच्या वर चांगली जागा राहते (सगळ्याच मॉडेलात नाही, दुकानात दोन बोटं घालून पाहा). माती तिथंही लागते, पण झडून जाते. व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा) मात्र नको, त्यातपण तसाच गारा अडकतो, साधा वायरचा डिस्क ब्रेक बरा.

धक्के बसतात, खोटं कशाला बोलू. दिवाळीनंतर बंडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात तेव्हा हात झिणझिणतात. त्यावर माझा उपाय म्हणजे 2.1 इंची जाड टायर आणि 35 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा. कॉम्प्रेसरवाला न विचारता टणक भरून देते, घरी येऊन थोडी सोडायची. माझं वजन सत्तरच्या जवळ आहे, तुमचं जास्त असेल तर थोडी जास्त ठेवा, नाहीतर गड्ड्यात ट्यूब चेपून पंचर.

तुमचा रस्ता मुरमाड, गोट्याचा असेल तर शॉकअप घ्या, मी नाही म्हणणार नाही, फक्त पावसाळ्यात नळ्या पुसत जा. आमच्यासारखी काळी माती असेल तर मला तरी साधीच बरी वाटते, आणि उरलेल्या पैशात टायर चांगले घ्या, बाभळीच्या काट्यांसाठी दोन जास्तीच्या ट्यूबपण.