दुभत्या गाईच्या आंबोणात मका की ज्वारी?

खरिपाची ज्वारी आणि मका साधारण एकाच वेळी बाजारात येतात. पावसात सापडलेली ज्वारी भाकरीला चालत नाही म्हणून स्वस्त मिळते, आणि गोठेवाल्याला प्रश्न पडतो की खुराकासाठी कोणतं धान्य भरून ठेवावं.

आकडे पाहिले तर ज्वारी कमी नाही. स्टार्च दोन्हींत साधारण 70 टक्के. प्रथिनं ज्वारीत 9 ते 11 टक्के, मक्यात 8 ते 9. तेल मक्यात थोडं जास्त, आणि पिवळ्या मक्यातलं कॅरोटीन पांढऱ्या ज्वारीत जवळजवळ नसतं.

खरा फरक पचनाचा आहे. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च चिवट प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेला असतो, त्यामुळे कोठीपोटातल्या, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना तो सावकाश मिळतो. शिवाय दाणा बारीक आणि गोल, गाय तो न चावताच गिळते. अख्खी ज्वारी घातली की बरीचशी शेणातून तशीच बाहेर पडते. अमेरिकेत टेक्सास-कॅन्सासकडे मांसासाठी जनावरं पोसणारे ज्वारी वाफवून, चेपून घालतात ते याचसाठी. तशी केली की ती मक्याच्या जवळ पोचते. आपल्याकडे ती यंत्रं नाहीत, पण गिरणी आहे. मका जाडाभरडा चालतो, ज्वारी त्याहून बारीक भरडून घ्या. मूठभर शेण चाळणीत धुऊन पाहा. दाणे दिसले तर भरडा अजून जाड आहे.

एवढं करूनही मी ज्वारीची किंमत मक्याच्या नव्वद टक्केच धरतो. समजा मका 2200 रुपये क्विंटल असेल, तर ज्वारी 1980च्या खाली मिळाली तरच घ्यावी, आणि दळणाची मजुरी वेगळी धरावी.

किरळ, म्हणजे ज्वारीतल्या विषाची बाधा, लागेल या भीतीने ज्वारी टाळणारे बरेच भेटतात. ते विष कोवळ्या हिरव्या ताटात असतं, पक्व सुक्या दाण्यात त्याची भीती नाही. मोड आलेले दाणे मात्र घालू नका.

बुरशीच्या बाबतीत कोणाचीच हमी नाही. वरवर काळसर ज्वारी मी घेतो. कुबट वास येणारी, गोळे झालेली घेत नाही. ओलसर साठवलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होऊ शकतं आणि ते दुधातही उतरतं. स्वस्त ओल्या मक्यापेक्षा कोरडी ठणठणीत ज्वारी मला केव्हाही पसंत.

धान्य कोणतंही असो, पंधरा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. एकदम वाढवलं तर पोटात आम्ल होऊन गाय चारा सोडते.