मापात नाही, पाटीत पाप: क्राकूफच्या चौकातलं 'स्वस्त' जेवण

नाताळच्या सुमारास पोलंडमधल्या क्राकूफला जाणार असाल, तर मुख्य चौकातल्या बाजारात खायला उभं राहण्याआधी हे वाचा. पोलंड युरोपात त्यातल्या त्यात स्वस्त, हे खरं आहे. बर्लिनमध्ये राहणारी माझ्यासारखी माणसं आई-बाबा भारतातून आले की त्यांना तिकडे नेतात, त्याचं अर्धं कारण तेच असतं. रेल्वेने एका दिवसात पोचता येतं, शहर सुंदर आहे, आणि पोटभर जेवलं तरी खिशाला झळ बसत नाही. फक्त जेवायला कुठे थांबता, त्यावर हे सगळं अवलंबून आहे.

रिनेक ग्वुव्नी हा तिथला मुख्य चौक. तेराव्या शतकात आखलेला, दोन्ही बाजूंनी साधारण दोनशे मीटर. मधोमध सुकिएन्नित्से ही जुन्या कापडबाजाराची लांबलचक इमारत, कोपऱ्यात सेंट मेरीचं चर्च, तिथल्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून इथे लाकडी टपऱ्या लागतात. थंडीत कुडकुडत चौकात शिरलं की पहिल्यांदा धूर आणि भाजलेल्या मांसाचा वास येतो. मीटरभर रुंदीच्या लोखंडी कढया, त्यात कोबी आणि मांसाचा बिगोस, कांद्याबरोबर परतलेले बटाटे, वर जाळीवर शाश्लिक, म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे, आणि कीलबासा हे सॉसेज. बाहेर खडूने लिहिलेली पाटी.

पाटीवर आकडे ठसठशीत होते. शाश्लिक १४, बिगोस ९, बटाटे ८. आम्ही तिघं. आई शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी बटाटे, आणि बाबा आणि मी मिळून एक शाश्लिक, एक बिगोस. एकतीस झ्लॉटी, म्हणजे तिथलं चलन, झाले. त्या दिवसांत झ्लॉटी एकवीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साडेसहाशे रुपये. युरोपातल्या पर्यटकांच्या चौकात, भर नाताळात, हे स्वस्तच म्हणायचं.

टपरीवाला गोड बोलत होता. एका हाताने कागदी ताटली धरून दुसऱ्या हाताने त्याने कढईतून बिगोसचा डाव भरून घेतला, मग आणखी एक. शाश्लिकची सळई उचलली ती सगळ्यात जाड. ताटली वजनकाट्यावर ठेवली, पण काट्याचा आकडा त्याच्या बाजूला, आणि आमच्या बाजूला कागदी रुमालांचा डबा. "ब्रेड?" त्याने विचारलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. "केचप?" पुन्हा मान. मग यंत्रावर आकडा आला: १३६.८० झ्लॉटी.

"अगं, किती म्हणाला?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं. "एकशे छत्तीस? कसे काय?"

मी टपरीवाल्याला तेच विचारलं. तो न चिडता पाटीकडे बोट दाखवून मोकळा झाला. आकड्यांच्या खाली, दुसऱ्या रंगाच्या खडूने, करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: १०० ग्रॅमचा भाव. आम्ही म्हटलं, मग कमी करा, एवढं नको. तर म्हणाला, ताटलीत वाढलेलं परत घेता येत नाही. मागे रांग, समोर वाफाळतं जेवण, आणि आई थंडीत उभी. अशा वेळी माणूस पैसे देतो. त्यांचा सगळा धंदाच त्या एका क्षणावर चालतो.

पण गोष्ट इथे संपली नाही. कार्ड भारतातल्या बँकेचं होतं, म्हणून यंत्राने विचारलं, झ्लॉटीत द्यायचे की रुपयांत. आणि तो पठ्ठ्या स्वतःच रुपयांचं बटण दाबायला निघाला होता! रुपयांतला आकडा होता ३,३१० च्या पुढे. झ्लॉटीत तीच रक्कम २,८७० च्या आसपास होते. म्हणजे नुसत्या एका बटणाचे सव्वाचारशेहून जास्त रुपये. मी "झ्लॉटी, झ्लॉटी" म्हणत हात पुढे केला, तेव्हा त्याने खांदे उडवून व्यवहार रद्द केला आणि पुन्हा केला. हा प्रकार फक्त टपऱ्यांपुरता नाही. पर्यटकांच्या रस्त्यांवर जी खाजगी एटीएम जागोजागी उभी असतात, तीही हाच प्रश्न विचारतात, आणि 'होय'चं बटण मोठं, 'नाही'चं बारीक. परदेशात कार्ड वापरताना नेहमी तिथल्याच चलनात पैसे द्यायचे. रुपयांत दिले तर दर वाईट मिळतो, वर भारतातल्या काही बँका अशा व्यवहारावरही वेगळं शुल्क कापतात.

आता पावती. पोलंडमध्ये विक्रेत्याला गिऱ्हाइकाला छापील पावती द्यावीच लागते, ती मागून घ्या. आमचे बाबा जिल्हा सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, पावती हातात आली की चष्मा काढून जवळ धरतात. त्यांनी बाकावर बसून ती ओळीओळीने वाचली. बिगोस ०.४२० किलो, दर ९०, झाले ३७.८०. शाश्लिक ०.४३० किलो, दर १४०, झाले ६०.२०. बटाटे ०.३१० किलो, दर ८०, झाले २४.८०. पावाच्या दोन कापा आठ झ्लॉटी, केचपच्या दोन पुड्या सहा.

"म्हणजे बटाटा सोळाशे ऐंशी रुपये किलो," बाबा म्हणाले. "सांगलीच्या मंडईत पोतं येईल यात."

आणि तो सोनेरी बटाटा आईला खाताच आला नाही, कारण त्यात डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे होते. ते पाटीवर कुठेच नव्हतं. शाकाहाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा: तिकडे 'बटाटे' किंवा 'कोबी' म्हणून जे मिळतं, त्यात पुष्कळदा कसलं तरी मांस असतं.

हिशेब केला तर वजनात खोट नव्हती, बेरीजही बरोबर होती. आपल्याकडे काटा मारतात, तिथे काटा अगदी चोख. भाव पाटीवर लिहिलेला, पावती छापील. मग तक्रार कशाची करणार? किती वाढायचं हे तुम्ही ठरवत नाही, तो ठरवतो, आणि भाव ज्या एककात आहे ते दिसू नये अशी सगळी मांडणी. हे मला सरळ लबाडीपेक्षा जास्त खटकतं. सरळ लबाडाला निदान पकडता तरी येतं. तिथे ग्राहकांच्या तक्रारींसाठी व्यापार निरीक्षक खातं आहे, पण पाटीवर भाव असताना ते तरी काय करणार. खरा उपाय वाढण्याआधीचा.

तो उपाय तिथेच आमच्या डोळ्यांसमोर घडला. आमच्या मागे एक पोलिश बाई होत्या, पन्नाशीच्या, डोक्यावर लोकरी टोपी. त्यांनी आमचा सगळा संवाद ऐकला होता. पुढे आल्या, आणि टपरीवाल्याने डाव उचलायच्या आधी एक आकडा बोलल्या. शाश्लिक, दीडशे ग्रॅम. त्याने नेहमीप्रमाणे जाड सळई उचलली. बाई हलल्या नाहीत, बोटाने रुमालांचा डबा बाजूला सरकवला आणि काट्याकडे बघत राहिल्या. त्याने सळईवरचे दोन तुकडे काढून परत जाळीवर ठेवले. ब्रेड? नको. केचप? नको. एकवीस झ्लॉटी. पैसे देऊन झाल्यावर त्या इंग्रजीत मला म्हणाल्या, की इथे आम्ही एरवी खात नाही, नातवाला हवं होतं म्हणून आले; आणि तुम्ही परदेशी म्हणून हे झालं असं समजू नका, आम्हालाही असंच करतात.

हे मात्र खरं आहे. उन्हाळ्यात बाल्टिक समुद्रकाठच्या गावांत तळलेल्या माशाचा भाव असाच १०० ग्रॅमवर लिहितात आणि अख्खा मासा तळून आणतात. दर वर्षी पोलिश वर्तमानपत्रांत सुट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या डोळे पांढरे करणाऱ्या पावत्या छापून येतात. डोंगरातल्या झाकोपानेतही तीच रड. तेव्हा ग्दान्स्क-सोपोतला गेलात आणि मासे खावेसे वाटले, तर आधी "हा मासा किती ग्रॅमचा, आणि सगळे मिळून किती होतील" हे विचारा, शक्यतो कागदावर लिहून घ्या. विचारायला लाज वाटायचं कारण नाही. पोलिश माणसं विचारतात.

चौकातल्या बसून खायच्या हॉटेलांबद्दल फार लिहीत नाही. तिथे भाव थाळीमागे असतो, पण बिलाखाली सेवाशुल्काची ओळ आहे का ते पाहा. असेल तर वेगळी टीप द्यायची गरज नाही. पाणी फुकट येईल असं धरू नका. बाटलीचं पाणी कधीकधी बिअरच्या भावाला भिडतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकाकडे जेवायला फिरकलोच नाही, आणि क्राकूफ खरोखर स्वस्त आहे हे तेव्हा कळलं. तिथे 'बार म्लेच्नी' नावाचा प्रकार आहे, दूध-बार म्हणा. दारूशी संबंध नाही. पहिला असा बार १८९६ मध्ये वॉर्सात निघाला, दूध-दुभतं, अंडी आणि पिठाचे पदार्थ विकणारा. पुढे कम्युनिस्ट राजवटीत कामगारांच्या जेवणासाठी देशभर पसरले. आजही त्यांतल्या बिनमांसाच्या काही पदार्थांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणून भाव आवाक्यात राहतात. चौकातून वावेल किल्ल्याकडे जाणाऱ्या ग्रोड्झ्का रस्त्यावर 'पोद तेमिदों' नावाचा असा एक बार आहे, चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर. गर्दीत विद्यार्थी, म्हातारी माणसं, जवळच्या कचेऱ्यांतले लोक.

पद्धत साधी. भिंतीवरच्या फळ्यावर पदार्थ आणि समोर भाव, तो प्लेटचा. गल्ल्यावर सांगायचं, पैसे द्यायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, खाऊन झाल्यावर भांडी दुसऱ्या खिडकीत स्वतः नेऊन ठेवायची. गल्ल्यावरची बाई हसत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ती सगळ्यांशीच तशी वागते, आणि मला तर आदल्या दिवशीच्या गोड हसण्यापेक्षा तो रुक्षपणा फार आवडला. आईने 'काशा' घेतली, म्हणजे शिजवलेला बकव्हीट (कुट्टू), मिझेरिया घेतली, म्हणजे आंबट सायीतली काकडीची कोशिंबीरच, फक्त दाण्याच्या कुटाशिवाय, आणि नालेश्निकी, म्हणजे चीज भरलेली गोड, पातळ धिरडी. बाबांनी झुरेक घेतलं. ते आंबवलेल्या राय (rye) या धान्याच्या पिठाचं सूप, त्यात सॉसेज आणि उकडलेलं अंडं. मी पिएरोगी, म्हणजे करंजीसारखे सारण भरून उकडलेले. तिघांचं पोट भरलं आणि शंभराची नोट मोडून सुटे परत आले.

शाकाहाऱ्यांसाठी इथेही एक गोष्ट. बटाटा आणि चीज भरलेले 'रुस्किए' पिएरोगी आतून शाकाहारी असतात, पण वरून पुष्कळदा चरबीचे तळलेले तुकडे घालतात. "बेझ मिएंसा", म्हणजे मांसाशिवाय, असं गल्ल्यावरच सांगायचं. मग वरून नुसता कांदा किंवा लोणी मिळतं. सूप मात्र जपून. भाजीचं दिसलं तरी मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं.

संध्याकाळी भूक लागली तर काझिमिएझ या जुन्या ज्यू वस्तीत जा. प्लाट्स नोव्ही या छोट्या चौकात मधोमध एक गोल इमारत आहे, तिच्या भोवती खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत झापिएकांका: अर्ध्या लांब पावावर मशरूम आणि चीज घालून भाजलेला. हातभर लांब, नगावर भाव, एकात दोघांचं भागतं. वरचे जादा पदार्थ वेगळे मोजतात, पण ते फळ्यावर नीट वाचता येतं. सकाळी चहाबरोबर रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारा ओब्वाझानेक घ्या, पिळाची कडक-मऊ पावाची कडी, खसखस किंवा तीळ लावलेली. त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आणि तरी गाडीवर तो काही झ्लॉटींत मिळतो. आईने पिशवीत दोन जास्तीचे टाकून ठेवले होते.

आणि तारखा सांभाळा. २४ डिसेंबरला आता तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, २५ आणि २६ ला तर असतेच. दूध-बार बंद, सुपरमार्केट बंद, आणि नेमके तेव्हा भुकेले पर्यटक मिळेल तिथे, मिळेल त्या भावाने खातात. एरवीही बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. बिएद्रोन्कासारख्या दुकानातून २३ लाच पाव, चीज, फळं आणि माश्लांका घेऊन ठेवा. माश्लांका म्हणजे ताकच, जरा दाट. मीठ आणि जिरेपूड घरून नेलीत तर काम झालं.